दुसरी रेघ

जंबेरीच्या बीवर विश्वास ठेवू नये.
एका बीतून तीन-तीन, चार-चार कोंब निघतात
आणि बहुतेक सगळे निव्वळ आईचेच.
बापाचा परागकण उंबरठा ओलांडून आत येईपर्यंत
तिने आपल्याच अंगाच्या भिंतीतून
आपल्याच प्रती काढून ठेवलेल्या.
त्या गर्दीत कुठेतरी कोपऱ्यात,
उपाशी, दोघांचं एखादं लेकरू.

ते शोधायचा मला पगार मिळतो.

गेल्या साली आंबिया बहारात
देवाजी मोहुर्लेंनी तीनशे बारा कळ्या उघडल्या,
चिमट्याने पुंकेसर उपटले,
कुंचल्याने रंगपूर लिंबाचा पराग लावला,
बटरपेपरच्या टोप्या चढवल्या,
गळ्यात चिठ्ठ्या: आई, बाप, तारीख.
हवा होता एवढाच एक खुंट,
जो काळ्या मातीत पाणी तुंबलं तरी
बुडाशी डिंक गाळत मरणार नाही
आणि वर बांधलेला संत्रा पोसत राहील.

आता मे. अमरावती रोडचं डांबर चपलेला चिकटतं.
शेडनेटखाली दोनशे सहा पिशव्या,
सगळ्या बहिणी-बहिणी दिसतात.
देवाजी पान चुरगाळतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात.
चौतीस वर्षं हेच नाक.
"एक्केचाळीस नंबर पाय. बापावर गेलं वो हे पोट्टं."
एकशे अठरा त्यांनी मागच्या रांगेत सरकवलेलं:
कुबडं, पानं चार, त्यातलं एक पिवळं.
"हे काई जगत नाही."

मी प्रत्येकाच्या पानाची टिकली कापते,
नळीत टाकते, नळीवर आकडा घालते.
बाहेर सेहेचाळीस, फ्रीजरमध्ये उणे वीस,
मध्ये मी, स्वेटर खुर्चीला लटकवलेला.
जेलच्या खाचांत थेंब सोडताना हात हलू द्यायचा नाही.
हात डावा.
मला लहानपणापासून सगळे म्हणत आले,
मायची झेरॉक्स आहे पोरगी.
माय उजव्या हाताने लिहायची.
घरात डावखुरं कोणीच नव्हतं,
म्हणजे ज्यांच्याबद्दल बोललं जायचं त्यांच्यात.

रात्री दोनदा लाइन गेली. जनरेटर खोकला आणि लागला.
सकाळी दिव्याखाली जेल धरलं.
आईची रेघ वर, बापाची खाली,
खरं लेकरू असेल तर दोन्ही.
एक, एक, एक, एक.
एक्केचाळीस: एकच.
मी पुन्हा चालवून पाहिलं. एकच.
एकशे अठराच्या घरात
वर एक रेघ, आणि खाली
कोणी हळूच हाक मारावी तशी दुसरी.

सांगायला गेले तेव्हा ते नळी गुंडाळत होते.
बोलले नाहीत काही.
कुबड्याचं पान चुरगाळलं, नाकाशी धरलं,
इतका वेळ की मीच खाली पाहिलं.
"वास नाही येत अजून. लहान आहे."
मग जरा थांबून,
"तुह्या मशीनले येते का वास?"
"नाही काका."
"मंग कसं वळखते बापाले?"
मी जेलचा फोटो दाखवला.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
"दोन बोटं दाखवून राहिलं जसं," म्हणाले.

डिंक्याची चाचणी अजून व्हायचीच आहे.
बापाचं सगळंच घेतलं असेल असं नाही;
कदाचित फक्त काटे घेतले असतील.
दोनशे सहातून अकरा उरली. त्यातून किती उरतील, कोण जाणे.
पण पूर्वी हे कळायला
सात पावसाळे मुळं बुडवून बघावी लागत
कोण मरतं ते.

संध्याकाळी फेकायच्या पिशव्या मोजल्या.
एकशे पंच्याण्णव हव्या होत्या, एक कमी.
देवाजींची सायकल लवकर गेली होती,
हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी,
तीतून वर डोकावणारं काहीतरी हिरवं.

रजिस्टरात एक्केचाळीसपुढे
मी डाव्या हाताने लिहिलं: उंदीर.